विरार लोकल आणि अल्पविश्वासी

चिंता करून कुणाला आपलं आयुष्य हातभर तरी वाढवता येतं का, असं येशूनं डोंगरावर बसून विचारलं. डोंगरावर बसून विचारायला प्रश्न फार सुंदर आहे. मला तो आठवला तो मंगळवारी संध्याकाळी, भाईंदर आणि नायगावच्या मध्ये, खाडीच्या पुलावर थांबलेल्या लोकलमध्ये, एका पायावर उभं असताना. जुलैचा पाऊस, पुढे सिग्नल लाल, खाली भरती. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, हे मान्य. पण पाखरांना विरार लोकलही पकडावी लागत नाही.

मी वसईचा, पाळण्यापासूनचा कॅथलिक. विश्वासाच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही, फक्त गाडी चालू पाहिजे. ती थांबली की माझा विश्वास मोबाइलवर जातो. नालासोपाऱ्याला पाणी भरलं का, मागची गाडी कुठे अडकली, ग्रुपवर कोण काय म्हणतंय! २०१८ च्या जुलैत तिथले रूळच पाण्याखाली गेले होते. तेव्हापासून आमच्याकडे नुसता ढग दिसला तरी लोक बिस्किटाचे पुडे घेऊन घराबाहेर पडतात.

एवढ्यात आईचा फोन.

"कुठे आहेस रे?"

"पुलावर."

"खाली पाणी आहे?"

"आई, खाडी आहे. पाणीच असणार."

"घाबरू नकोस. मी माळ धरलीय."

माळ म्हणजे रोझरी, आमची जपमाळ. तिची रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले मनात आणायचे प्रसंग, पाच आणि आईचा नियम असा की प्रत्येक रहस्यानंतर एक फोन. सगळं देवावर सोपवायचं, पण पोचपावती मुलाकडून घ्यायची. मंगळवार म्हणजे दुःखाची रहस्यं. त्यातलं पहिलं गेथशेमाने बागेचं, क्रुसावर जाण्याआधीच्या रात्रीचं.

उभ्या उभ्या दुसरा उद्योग नव्हता, म्हणून मी त्या बागेचाच विचार करू लागलो. गालील समुद्रात वादळ आलं तेव्हा येशू नावेत उशीवर डोकं ठेवून गाढ झोपला होता आणि शिष्यांची पाचावर धारण बसली होती. बागेत नेमकं उलटं. तो घामाघूम होऊन प्रार्थना करतोय आणि शिष्य डाराडूर. झोपेच्या वेळा दोन्हीकडे जुळल्या नाहीत त्या नाहीतच. मला मात्र बागेतल्या येशूचा मोठा आधार वाटतो. त्यालाही एक रात्र जड गेली होती, शक्य असेल तर हा प्याला टळू दे म्हणाला होता.

शिष्यांना नावं ठेवण्यातही अर्थ नाही. त्यांच्यातले चार तर मुरलेले कोळी. गालील नावाचा समुद्र, प्रत्यक्षात गोड्या पाण्याचं तळं, समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली. भोवतालच्या डोंगरांवरून वारा कोसळला की घटकाभरात तुफान. कोळी घाबरतो तेव्हा घाबरण्यासारखं काहीतरी असतंच. मत्तय सांगतो की येशूनं आधी त्यांना 'अल्पविश्वासी' म्हणून झापलं, मग वारा थांबवला. मार्कच्या शुभवर्तमानात आधी वारा थांबतो, बोलणी मागाहून. माझं मत मार्कला. आधी सिग्नल द्या, प्रवचन नायगावला ऐकतो.

डब्यातलं भजनी मंडळ मात्र मजेत होतं. गाडी थांबल्यावर त्यांनी तुकोबांचा आणखी एक अभंग धरला, टाळ चढले. रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार रेल्वेच्या डब्यातच मिळाला, राजनांदगावला जाताना; आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते म्हणत. आमचंही तुकोबा आणि पूल इथपर्यंत जुळलं होतं. पुढे मात्र सरकत नव्हतं.

चौथ्या रहस्याचा फोन झाला. दारातला एकजण मोटरमनच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. आणि विंडोला एक गृहस्थ मांडीवर बॅग, बॅगेवर हात, मान खिडकीला टेकवून शांत झोपले होते. पावसाचे थेंब चष्म्यावर पडत होते, तरी हूं की चूं नाही. नावेतला प्रभू असाच दिसत असावा. मला त्यांचा हेवा वाटला, नंतर रागही आला.

गाडी धक्का देऊन सुटली. (आई अजून म्हणते, पाचव्या रहस्यामुळे.) नायगाव आलं तसे गृहस्थ जागे झाले, चष्मा पुसला.

"मीरा रोड गेलं का हो?"

"केव्हाच! भाईंदरही गेलं. आता काय करणार?"

"काय करायचंय? हीच गाडी विरारहून परत फिरेल ना," असं म्हणून त्यांनी बॅग पुन्हा मांडीवर नीट घेतली. "विंडो मिळालीय, उठतो कशाला?"