दीडपट बटाटे

मी फोन घ्यायला बाहेर गेलो, तेवढ्यात माझ्या माघारी पिक्चर दीडपट वेगानं लावण्यात आला आणि खोलीतल्या एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. सगळे शिकलेसवरलेले. त्यातला एक तर स्वतःला सिनेमाचा अभ्यासक म्हणवतो. ‘जाऊ दे रे, एवढं काय त्यात’ असं मला त्यानंतर ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, ते सगळे माझ्या लक्षात आहेत.

दर शनिवारी आम्ही एका मित्राकडे जमतो. जुने गाजलेले, गाजायला हवे होते पण न गाजलेले, आणि इतके भिकार की त्यामुळेच गाजलेले असे पिक्चर बघायचे आणि मग मध्यरात्रीपर्यंत त्यावरून भांडायचं, एवढाच कार्यक्रम. निवड पाळीपाळीनं. आपली पाळी येईपर्यंत माणूस मनातल्या मनात चार वेळा पिक्चर बदलतो. या वेळी माझी पाळी होती आणि मी ‘झान डीलमान’ लावला.

पूर्ण नाव ‘झान डीलमान, २३, के द्यू कॉमर्स, १०८० ब्रसेल्स’. बेल्जियमच्या शांताल आकरमाननं हा पिक्चर ऐन पंचविशीत केला, १९७५ साली. लांबी २०१ मिनिटं. एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा, आणि तीन दिवस. बाई स्वयंपाक करते, भांडी घासते, अंथरुणं आवरते, खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा बंद करते. दुपारी एक पुरुष येतो, पैसे देऊन जातो, ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या झाकणाच्या भांड्यात टाकते आणि पुन्हा कामाला लागते. कॅमेरा जागचा हलत नाही. पार्श्वसंगीत नाही. ती बटाटे सोलते म्हणजे आपल्यासमोर बसून खरोखर सोलते. एकेक. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी आजवरचा सर्वोत्तम पिक्चर कोणता यावर जगभरातल्या समीक्षकांचा कौल घेतं, २०२२ मध्ये त्यात हा पहिला आला. बाईनं दिग्दर्शित केलेला पिक्चर त्या यादीत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ.

एवढं मी उभं राहून सांगितलं. पाळीवाल्यानं थोडं प्रास्ताविक करायचं असा आमचा नियम आहे. समोर नेहमीची मंडळी होती आणि मधल्या खुर्चीत यजमान मित्राचे मेहुणे होते. ते कामासाठी आले होते, काम झालं होतं, आणि ‘तुमचं चालू दे, मी आपला बसतो बाजूला’ असं म्हणून ते बरोब्बर मध्यभागी बसले होते. रिमोट त्याच खुर्चीच्या हातावर होता. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

“हे नाव आहे का पत्ता आहे?” मेहुण्यांनी विचारलं.

“दोन्ही.”

“पिनकोडसकट?”

“हो.”

“छान. चुकायला नको.” मग थोडं थांबून, “याआधी कोण होतं पहिलं?”

मी म्हटलं, १९६२पासून २००२पर्यंत दर वेळी ‘सिटिझन केन’, मग २०१२ला ‘व्हर्टिगो’.

“म्हणजे पन्नास वर्षं चुकत होते?”

मी काही बोललो नाही. माणूस चांगला आहे हो. बोलणं अदबशीर, हसणं मनमोकळं, उठताना आपली खुर्ची जागेवर लावणार. अशा माणसावर चिडताही येत नाही, हा वर वेगळा ताप. मी दिवा बंद करायला उठलो तर मागून आवाज आला, “मी बघितलाय बरं का हा.”

मला मनापासून आनंद झाला. कुठे बघितलात, कधी बघितलात, असं मी विचारायला लागलो.

“मोबाइलवर. अकरा मिनिटांत.”

एक जण पिक्चरची गोष्ट भराभर सांगतो आणि मागे चित्रं सरकत असतात, त्या जातीचा व्हिडिओ. मेहुणे असे रोज दोनतीन पिक्चर संपवतात. झोपायच्या आधी.

“अकरा मिनिटांत बटाट्यांना किती वेळ होता?” मी विचारलं.

“दोन सेकंद असेल. पण कळतं ना, बटाटे आहेत ते.” आणि मग इतरांकडे वळून, आपुलकीनं, “शेवटी कात्री आहे. तोपर्यंत काही नाही.”

झालं. तीन तास एकवीस मिनिटांचा पिक्चर, त्यातली एकमेव घटना शेवटाला, आणि ती दिवा बंद व्हायच्या आत जाहीर. त्यानंतर कुणीही पिक्चर बघितला नाही, सगळे कात्री शोधत बसले. मायलेक जेवायला बसले तेव्हा अंधारातून कुजबुज आली, “सुरी दिसतेय. कात्री नाही अजून.”

वास्तविक आमच्यात बेशिस्तीचं वावडं नाही. ‘कल्ट’ पिक्चर, म्हणजे मूठभर वेड्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला, असला की आम्हीच धिंगाणा घालतो. २००३चा ‘द रूम’ लावला होता तेव्हा चमचे फेकले होते. त्या पिक्चरमध्ये घरातल्या फ्रेममध्ये चक्क चमच्याचा फोटो आहे. तो दिसला की परदेशातल्या थिएटरांत प्रेक्षक प्लॅस्टिकचे चमचे पडद्यावर फेकतात. आम्हीही फेकले. त्या रात्री कल्ट म्हणजे नेमकं काय यावर बराच काथ्याकूट झाला. पिक्चर वाईट असावा लागतो की प्रेक्षक, असा मुद्दा निघाला आणि तिथेच अडकला. चमचे मात्र कुणी वेचले? मी. बाकीचे कल्टवर बोलत होते. कपाटामागचा शेवटचा चमचा मी जमिनीवर आडवा पडून काढला, तेव्हा अभ्यासक मित्र सामूहिक सहभागाबद्दल काहीतरी सांगत होता. हे विषयांतर झालं खरं, पण कधीतरी बोलायचंच होतं.

तर फोन आला. घ्यावाच लागेल असा होता. परत आलो तेव्हा झान भांडी घासत होती, पाठ आमच्याकडे. मी बसलो. काहीतरी खटकत होतं. बाईचे कोपर फार चपळ चालले होते. नळ बंद केला, हात पुसले, दिवा बंद केला, आणि ती त्या बोळातून अशी गेली की जणू स्टेशनवर गाडी शिट्टी देतेय. ही बाई असं चालत नाही! ती चालते तेव्हा तिच्या सँडलचा एकेक ठोका मोजता येतो. जुन्या टेपच्या काळात हे पाप लगेच उघडकीला आलं असतं, कारण वेग वाढवला की माणसं चिमण्यांसारखी बोलायची. हल्लीची यंत्रं आवाजाची पट्टी सांभाळतात. त्यामुळे चोरी करूनही खोलीत सभ्यता टिकून होती.

“वेग वाढवलाय का कुणी?”

कुणीच बोलेना. मग मेहुणेच बोलले, अगदी निरागसपणे. “दीडच केलाय. दोन नाही केला.”

“का पण?”

“हिशेब केला मी. दोनशे एक भागिले दीड, एकशे चौतीस. सदुसष्ट मिनिटं वाचतात प्रत्येकाची. आपण सहा जण. म्हणजे झाले जवळजवळ पावणेसात तास.”

पावणेसात तास! ते असे म्हणाले जणू उद्या सकाळी आम्हाला ते वाटून मिळणार होते.

“अहो, पण ती बाई बटाटे सोलते तो वेळ म्हणजेच पिक्चर आहे.”

“दीडपटीनं सोलला तरी बटाटाच ना तो?”

मी आवंढा गिळून समजावायला घेतलं. दुसऱ्या दिवशी ते दुपारचं गिऱ्हाईक लांबतं आणि बटाटे शिजून त्यांचा गाळ होतो. मग ती पातेलं हातात घेऊन, हे ठेवू कुठे म्हणून घरभर फिरते. नवे बटाटे आणते, पुन्हा सोलायला बसते, आणि आता सुरी तशी चालत नाही. घरातली शिस्त सुटायला तिथून सुरुवात होते. पहिल्या दिवसाचे बटाटे ज्यानं बसून पूर्ण सोसले, त्यालाच दुसऱ्या दिवशी पोटात गोळा येतो. पळवले तर काय, भाजी करपली, दुसरी केली, इतकंच.

“व्हिडिओतही तेच म्हणाला तो,” मेहुणे समाधानानं म्हणाले. “भाजी करपली, दुसरी केली.”

हात टेकून मी बाकीच्यांकडे बघितलं. कुणी टीव्हीकडे बघत होतं, कुणी स्वतःच्या पायांकडे. तेव्हा मला कळलं की मेहुण्यांनी फक्त बटण दाबलं होतं, इच्छा सगळ्यांची होती. आता यातल्या एकाच्या पाळीला मी ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ बघितलाय. आख्खा, एकपटीनं. त्यात बेला लुगोसी हा नट थोडंसंच चित्रीकरण झालेलं असताना वारला, म्हणून दिग्दर्शक एड वुडनं आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके हातानं बसवणाऱ्या माणसाला, त्याच्या जागी उभं केलं आणि चेहरा दिसू नये म्हणून तोंडावर झगा धरायला लावला. तो झगा तोंडावर धरून फिरतो आणि आपण बघायचं. बघितलं मी! वर चर्चेत दोन बरे शब्दही बोललो. आणि माझ्या पाळीला या लोकांना दीड पाहिजे.

मेहुण्यांचं तोवर दुसरं अस्त्र तयार होतं. “चॅप्लिनचे पिक्चर बघता ना तुम्ही?”

“बघतो.”

“तो तुरुतुरु पळतो ते चालतं तुम्हाला.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं, असं नंतर बायको म्हणाली. मला नाही वाटत. विषय माझ्या आवडीचा होता. मी सांगितलं की मूकपटांच्या जमान्यात कॅमेरा हातानं फिरवायचे. सेकंदाला सोळा, अठरा, वीस, कॅमेरामनचा हात जसा चालेल तशा चौकटी, म्हणजे फिल्मवरची सुटी चित्रं. विसाच्या दशकाच्या अखेरीला बोलपट आले. आवाज चित्राशेजारीच फिल्मवर बसला, आणि आवाजाला वेग स्थिर लागतो, म्हणून चोवीस चौकटी ठरल्या. पुढे जुने मूकपट त्या चोविसाच्या यंत्रावर चढवले की माणसं पळायला लागायची. त्यात चॅप्लिनला पुष्कळदा मुद्दामच थोडं पळवायचं असायचं, तो भाग वेगळा.

मेहुणे फार लक्ष देऊन ऐकत होते. इतकं लक्ष त्यांनी पिक्चरला दिलं असतं तर काय पाहिजे होतं.

“म्हणजे थिएटरवालेही पळवायचे?”

मी नकार द्यायला तोंड उघडणार तोच आमचा अभ्यासक म्हणाला, “पळवायचे की. दिवसात एखादा खेळ जास्त बसवायला मुद्दाम जोरात फिरवायचे.”

गोष्ट खरी आहे. मला माहीत होती. पण ती त्या क्षणी, त्या खोलीत, त्या माणसासमोर सांगायची काही गरज होती का?

“मग काय तर!” मेहुणे म्हणाले. “परंपरा आहे.”

सगळे हसले. इतकं हसले की यजमान मित्रानं पिक्चर थांबवला. शेवटी माझ्यावर दया म्हणून वेग पुन्हा एकपट करण्यात आला, पण चुकलेला भाग मागे नेऊन दाखवायला कुणी तयार होईना. तिसऱ्या दिवशी बाईच्या बहिणीनं पाठवलेलं पार्सल येतं. ते उघडायला ती कात्री घेते. “आली!” मेहुणे ओरडले आणि खोलीत टाळ्या पडल्या. त्या दृश्यात ती कात्री फक्त दोरी कापते, काम झाल्यावर झोपायच्या खोलीत राहून जाते. ती राहून जाणं कुणालाही कळू नये अशी आकरमाननं काळजी घेतलीय. आमच्याकडे त्याला टाळ्या.

आणि शेवट. जे व्हायचं ते झाल्यावर झान जेवणाच्या टेबलापाशी अंधारात येऊन बसते. नुसती बसते. बाहेरच्या कुठल्यातरी पाटीचा निळा उजेड तिच्यावर उघडझाप करत राहतो. मी त्या काही मिनिटांसाठी हा पिक्चर निवडला होता. मेहुणे उठले, “संपलं, आता नुसती बसलीय,” म्हणाले आणि त्यांनी ट्यूब लावली. काळा पडदा एकदम आरसा झाला. बाई गेली आणि तिच्या जागी आम्ही सहा जण दिसायला लागलो, त्यात एक जण जांभई देत होता.

चर्चा माझ्या पिक्चरवर झालीच नाही. पाऊण तास दीडपटीवर झाली. मेहुण्यांची पद्धत सर्वांनी समजून घेतली: मारामारी एकपट, संवाद दीडपट, गाणी थेट पुढे. निघताना त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की पिक्चर चांगला होता, व्हिडिओत इतका वाटला नव्हता. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

आता मेहुण्यांना रीतसर ग्रुपवर घेतलंय. पुढची पाळी पाहुणे म्हणून त्यांची. त्यांनी हंगेरीच्या बेला टार या दिग्दर्शकाचा १९९४चा ‘सातानटँगो’ निवडलाय, सात तासांहून मोठा. सुरुवातीलाच गाईंचा कळप चिखलातून चालत राहतो, एकाच सलग शॉटमध्ये, कितीतरी वेळ. मेहुण्यांनी हिशेब मांडून दाखवला: दुपटीनं साडेतीन तासांच्या आसपास, म्हणजे ‘तुमच्या बाईपेक्षा जरासाच मोठा’. यजमान मित्रानं मतदान ठेवलंय, सव्वापट, दीडपट की दुप्पट. एकपट हा पर्याय त्यात नव्हताच, मी भांडून घालायला लावला. त्याला आतापर्यंत एकच मत पडलंय, माझं. अभ्यासकानं सव्वापटीला दिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, गाईंना काय फरक पडतो.