‘फक्त उंची लागते’ म्हणे!

माझी भाची शाळेच्या बास्केटबॉल संघात सेंटर, म्हणजे रिंगजवळची जागा सांभाळणारी खेळाडू, आहे. वय १४, वर्गात सगळ्यांत उंच. परवा तिने रोजचं मिकन ड्रिल, म्हणजे रिंगखालून आळीपाळीने उजव्या-डाव्या हाताने चेंडू टाकायचा सराव, सोडून दिलं. का, म्हटलं, तर फोन पुढे केला. संघाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘रिंगखालून बास्केट टाकायला कौशल्य नाही, फक्त उंची लागते. शॅकील ओनील आज टिकला नसता. पोस्टचा खेळ संपला, मुलांना थ्रीच शिकवा.’

शॅक म्हणजे अमेरिकेच्या एनबीए लीगमधला धिप्पाड सेंटर; पोस्टचा खेळ म्हणजे रिंगजवळ, पाठ रिंगकडे करून खेळणं; आणि थ्री म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून टाकलेला तीन पॉइंटचा शॉट. मेसेजचं पहिलं वाक्य धडधडीत खोटं आहे. मनूट बोल सात फूट सात इंच उंच होता. एनबीएतली त्याची सरासरी सामन्याला २.६ पॉइंट. त्याच काळात चार्ल्स बार्कली, कागदोपत्री सहा फूट सहा, त्याच गर्दीत घुसून कारकीर्दभर सरासरी २२ पॉइंट काढत राहिला, आणि १९८६-८७ मध्ये रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यात, लीगमध्ये पहिला आला. फरक पडतो तो पायांमुळे. पाठ रिंगकडे, मागून धिप्पाड माणूस रेटतोय. चेंडू येण्याआधी जागा धरायची, पिव्हटचा, म्हणजे रोवून ठेवायचा, पाय ठरवायचा, खांदा एकीकडे टाकून दुसरीकडे वळायचं, आणि पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या चौकटीत, तीन सेकंदांच्या वर रेंगाळायचं नाही. एनबीएतला सेंटर हकीम ओलाजुवान नायजेरियात फुटबॉल आणि हँडबॉल खेळून आला होता, ते त्याच्या पायांत दिसायचं. मेसेज लिहिणाऱ्याने पाठीवर एक माणूस घेऊन डाव्या हाताने एक हुक, म्हणजे डोक्यावरून वळवून टाकायचा शॉट, टाकून दाखवावा.

आता शॅक. २००० च्या फायनल्समध्ये इंडियानाविरुद्ध त्याने सामन्याला ३८ पॉइंट काढले. कारकिर्दीत २८,५९६ पॉइंट, त्यांत थ्री फक्त एक! शॉटची अचूकता ५८.२ टक्के. पडलेल्या शॉटला दोन पॉइंट, म्हणजे शंभर शॉटमागे ११६ पॉइंट. आज लीगमध्ये थ्री साधारण ३६ टक्के पडतात, शंभरामागे १०८. हा साधा गुणाकार आहे, मेसेज पुढे ढकलण्याआधी कुणीही करावा.

फाउलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोत शॅक कच्चा होता, ५२.७ टक्के, आणि म्हणून विरोधी संघ त्याला मुद्दाम फाउल करायचे. हे खरं. आजच्या सेंटरला रिंगपासून लांब येऊन बचावही करावा लागतो, तेही मान्य. पण म्हणून ‘पोस्ट संपला’? सेंटर निकोला योकिच २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. यानिस आंतेतोकुंपोने २०२३-२४ मध्ये सरासरी ३०.४ पॉइंट काढले, ६१ टक्के अचूकतेने, बहुतेक रिंगजवळून.

मला राग आहे तो ‘थ्रीच शिकवा’चा. १४ वर्षांच्या मुलीच्या खांद्यात अजून तेवढी ताकद नाही. लांबून चेंडू फेकताना तिचा शॉटच वाकडा होतो. आधी रिंगखाली दोन्ही हात तयार होऊ द्या. ज्या जॉर्ज मिकनच्या नावाने ते ड्रिल आहे, त्याला आवरायला एनबीएने १९५१ मध्ये सहा फूट रुंद पेंट बारा फूट केला होता.

हे मी तिला सांगितलं. काल संध्याकाळी ती पुन्हा रिंगखाली होती, उजवा, डावा, उजवा, डावा. डाव्या हाताचे अजून निम्मे चुकतात.