मिडीयम हाय वो, दाजी!

कोल्हापूरकडच्या देवांना आणि राजांना एक खोड सारखीच: उंचावर जाऊन बसायचं. जोतिबा डोंगरावर, पन्हाळा डोंगरावर. टेंबलाई तर अंबाबाईवर रुसली आणि रुसून बसायलाही तिनं टेकडीच गाठली. माणसं रुसली की फार तर माहेरी जातात. अंबाबाईनं तेवढं भर पेठेत, सपाटीला घर केलं, हे तिचे आमच्यावर उपकार. हा भूगोल मला शाळेत कुणी शिकवला नाही. मेव्हण्यानं तो सायकलवरून शिकवला.

"दाजी, राउंड हाय. शिवाजी पूल, केर्ली, जोतिबा, दानेवाडी, वाघबीळ, पन्हाळा आणि माघारी. पन्नासेक किलोमीटर. मिडीयम हाय वो, काय न्हाई त्यात."

मेव्हणा तालमीतला. ज्याचा दिवस पाचशे बैठकांनी उजाडतो, त्याच्या मिडीयमवर सरकारी बाबूनं विश्वास ठेवू नये. पण बायकोच्या देखत भावाला नाही म्हणणं हाही एक चढच. सायकल त्याच्या मित्राची आली, हेल्मेट आलं, आणि आतून गादी शिवलेली एक काळी, तंग चड्डी आली. ती घालून मी बाहेर आलो तेव्हा बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पेठ ओलांडेपर्यंत तरी वरनं लुंगी गुंडाळा."

रविवारी पहाटे गंगावेशीत आमचा पहिला थांबा. तिथं म्हशी कट्ट्यावरच उभ्या असतात, गिऱ्हाईक आलं की समोर धार काढायची आणि फेसाळलेला ग्लास तसाच हातात द्यायचा. मेव्हण्यानं एक ग्लास मारला आणि दुसरा माझ्यापुढं धरला. "प्या दाजी, ताकद येतीया." ताकदीचं ठाऊक नाही, पण ते दूध केर्लीपर्यंत माझ्याबरोबर हेलकावे खात आलं आणि जोतिबाच्या चढावर त्याचं लोणी व्हायला लागलं असावं.

शिवाजी पूल ते केर्ली हा रस्ता मात्र झकास. पंचगंगेवर धुकं, दोन्ही बाजूला ऊस, कुठल्याशा गुऱ्हाळातून काकवीचा वास. हाच रस्ता, हीच शेतं २०१९ च्या पुरात पाण्याखाली होती, यावर त्या सकाळी विश्वास बसत नव्हता. मला वाटलं, जमतंय की. तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर फुल्ल आवाजात गाणी लावून शेजारून गेला आणि मी अर्धा फूट रस्त्याखाली.

केर्लीच्या फाट्याला रस्ता आकाशाकडे वळतो. मेव्हणा सीटवरून उठला, दोन पायडलं मारली आणि वळणाआड गेला. मी सगळ्यात हलका गिअर टाकला. त्यात पाय शिवणयंत्रासारखे फिरतात आणि सायकल जागची हलत नाही. शेवटी उतरलो आणि ढकलायला लागलो. मागून एक आजी आली. अनवाणी, डोक्यावर पदर, हातात नारळाची पिशवी. मला गाठलं, मागं टाकलं, आणि दया येऊन थांबली.

"मोडली काय रं बाळा?"

"नाही आजी, चांगली आहे."

"मग ढकलतुयास कशाला?"

या प्रश्नाला आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही. ती "चांगभलं" म्हणून पुढं गेली, वर माझ्या आधी पोचली, आणि दर्शन घेऊन परत जाताना पुन्हा भेटली. तेव्हाही मी ढकलतच होतो.

रविवार म्हणजे जोतिबाचा वार. वर गुलाल असा उधळतात की पायऱ्या गुलाबी, दगडी शिखरं गुलाबी, कावळेसुद्धा गुलाबी. आताचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. त्याची नक्षी बघावी म्हणून मी मान वर केली, तोच कुणीतरी खोबऱ्याच्या तुकड्यांसकट मूठभर गुलाल माझ्या दिशेनं फेकला. घामावर गुलाल बसला की तो रंग राहत नाही, लेप होतो. सायकलीच्या चेनमध्येही गेला. तेलात कालवून तिथं दातादातांत लालभडक गाळ झाला, आणि पुढची सगळी वाट ती चेन गिरणीच्या पट्ट्यासारखी कुरकुरत राहिली.

आता या राउंडमधला खरा अन्याय. जोतिबावर चढून जी उंची मी घाम गाळून कमावली होती, ती दानेवाडीकडून वाघबीळला उतरताना दहा मिनिटांत उधळली. आणि पन्हाळ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून! मध्ये पूल का बांधला नाही कुणी? शिलाहार, बहमनी, आदिलशाही, मराठे, इंग्रज एवढे सगळे येऊन गेले.

सिद्दी जौहर १६६० साली एवढी फौज घेऊन आला, तरी चारेक महिने गडाखालीच का बसून राहिला, हे मला बुधवार पेठेच्या वर कळलं. मी त्याच्या जागी असतो तर तंबूतून बाहेरच आलो नसतो. कवी मोरोपंत १७२९ साली याच गडावर जन्मले. चढताना माझ्या तोंडून जे बाहेर पडत होतं, ते मात्र आर्या वृत्तात बसलं नसतं. इंग्रजांनी १८४४ च्या उठावानंतर इथला चार दरवाजा पाडला. पाडायचाच होता तर दरवाज्याबरोबर थोडा चढही पाडायचा.

वर बाजीप्रभूंचा पुतळा, दोन्ही हातांत तलवारी. मेव्हण्यानं मला त्याखाली उभं केलं. "दाजी, जरा वीरासारखं तोंड करा." प्रयत्न केला. भर पावसात, काळोखात, चिखल तुडवत ती माणसं इथून विशाळगडाकडे निघाली होती. शिवा काशीद महाराजांचा वेश करून, मरायचं आहे हे ठाऊक असताना पालखीत बसला होता. मी डांबरी रस्त्यानं, गिअरच्या सायकलवरून येऊन पुतळ्याच्या कठड्याला धरून उभा होतो. फोटो पुसून टाकायला लावला.

झुणका, भाकरी, खर्डा आणि गाडग्यातलं दही हे या फेरीतलं एकमेव निर्विवाद स्थळ. तिथं मी मेव्हण्याला मागं टाकलं. अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांत कधीकाळी हजारो खंडी धान्य मावायचं म्हणतात. माझीही साठवण क्षमता त्या दिवशी बरी निघाली.

उतरताना ब्रेक दाबून बोटं वाकडी झाली. शिवाजी पुलावर एका दुचाकीवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काय भावा, रंगपंचमी कवा झाली?"

मेव्हणा शेजारी शिट्टी वाजवत चालला होता. "दाजी, पुढच्या रविवारी नरसोबाची वाडी. जरा हार्ड हाय."

"डोंगर आहे?"

"छ्या! सपाट सगळं. देव नदीकाठालाच."

"मग हार्ड काय त्यात?"

"बासुंदी खाऊन परत यायचं हाय की."

मी दत्तगुरूंना मनोमन हात जोडले. अंबाबाईसारखाच हाही देव खाली बसला. पुरात तर पाणीच त्याच्या दर्शनाला देवळात येतं. लगेच हो म्हटलं. वाडीहून परतीच्या एस्ट्या किती वाजता आहेत, तेवढं बघून ठेवलंय. टपावर सायकल चढवू देतात का, हे स्टँडवर विचारायचं राहिलंय.