पाडीला पेंड घालत जा

नागनाथपाराजवळच्या अमृततुल्यसमोर परवा सगळ्यांचे चहा गार झाले. मंग्याला गावाकडे आजीच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं सापडली होती. १९७१ची, निळी अंतर्देशीय.

"प्रेमाची एक ओळ नाही रे," मंग्या हिरमुसला होता. "पाडीला पेंड घालत जा, तात्यांचा खोकला कसा आहे, मनिऑर्डर पोचली का. पत्ता द्वारा ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. माणूस कुठल्या सीमेवर आहे ते घरच्यांनाही कळायचं नाही, आणि हा पेंडीचं विचारतोय!"

बापू फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, "आजीला वाचता यायचं?"

"नाही. शाळेतले गुरुजी येऊन वाचायचे."

"मग? सासऱ्यांच्या देखत गुरुजींनी लाडाचं काही वाचलं असतं, तर त्या पोरीनं तोंड कुठं लपवलं असतं?"

मला पहिल्या महायुद्धातली पत्रं आठवली. फ्रान्समध्ये लढणारे आपले बरेच शिपाई पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेत, मग ते सेन्सॉर वाचे, शेवटी गावातलं कुणी. सेन्सॉरनं करवलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. त्यांत काळी मिरी संपल्याचं, आता लाल मिरी लागणार असल्याचं येतं. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. माणसं मेल्याची बातमी जे मिरीत लपवत होते, त्यांना माया पेंडीत लपवता येणार नाही? मला तरी त्या ओळीत मायाच दिसते.

ताईला हे पटेना. "तुम्हाला गोड वाटतं म्हणून तसं म्हणताय. पेंड म्हणजे नुसती पेंडच असली तर? आणि तिची उत्तरं कुठायत?"

ती कुणाकडेच नव्हती. आजोबांच्या सामानातून एकही पत्र परत आलेलं नाही. बाईनं गुरुजींना काय सांगितलं, काय गिळलं, ते गेलंच. मला याचं फार वाईट वाटतं.

"पण एक आहे," मंग्या म्हणाला. "पाडी दिवाळीतच विकली होती. आजीनं तसं कळवलंही होतं म्हणे. तरी १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, त्यानंतरच्या पत्रातही तेच. पाडीला पेंड घालत जा."

"बघ!" बापूंचा आवाज चढला.

"तिचं पत्र पोचलंच नसेल," ताई म्हणाली. "आणि आजी आहे ना अजून? तिला विचारून वाचलीस का?"

मंग्या मान खाली घालून बसला. खरं तर आम्हीही तासभर तेच करत होतो, तिची पत्रं चारचौघांत.

उठताना तो म्हणाला, "रविवारी गावाला जातो. एकेक वाचून दाखवतो तिला. तेव्हा घरात दुसरं कुणी नसेल, एवढं बघतो."