नदीला जागा द्यायची, ती कुणाच्या रानातली?

कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायचा कर्नाटकाचा आग्रह कायम आहे आणि त्याच्या फुगवट्यानं पूर वाढेल या भीतीनं सांगली-कोल्हापुरात वातावरण तापलेलंच आहे. मोर्चे, निवेदनं, सर्वपक्षीय बैठका, सगळं चालू आहे. मी माहेरची सांगलीची, गावभागातली. राहते नेदरलँड्समध्ये, नायमेखनला. ऱ्हाईन नदी या देशात शिरली की तिचे फाटे होतात, त्यातला मोठा फाटा म्हणजे वाल, आणि आमचं शहर तिच्या काठावर आहे. एका पुराच्या गावातून उठून दुसऱ्या पुराच्या गावात आले म्हणा ना. त्यामुळं अलमट्टीचा वाद मला लांबचा वाटत नाही.

या वादात माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना हमखास दोन वाक्यं ऐकायला मिळतात. एक, ‘तुमच्याकडं बघा, नद्या कशा काचेसारख्या!’ दुसरं, ‘दीडशे वर्षं धूर त्यांनी सोडला, आता शहाणपण आम्हाला शिकवतात.’ दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण सांगलीचं सांडपाणी वाहून आणणारा शेरीनाला कृष्णेत सोडायला युरोपातून कुणी आलं नव्हतं. आणि पहिलं वाक्य तर अर्धंच खरं आहे.

कोपनहेगनला युरोपीय पर्यावरण संस्था आहे. दर पाच वर्षांनी ती अख्ख्या खंडाच्या पर्यावरणाचा हिशोब मांडते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ताजा अहवाल आला. हरितगृह वायूंचं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ३७ टक्क्यांनी उतरलं. हवेतल्या सूक्ष्म धुळीमुळं होणारे अकाली मृत्यू २००५ ते २०२२ मध्ये ४५ टक्क्यांनी घटले. हे मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पुढची पानं वाचा. संरक्षित अधिवासांपैकी ८० टक्क्यांहून जास्त वाईट स्थितीत. ६० ते ७० टक्के माती निकस. नद्या-तलावांपैकी जेमतेम ३७ टक्क्यांची जैविक स्थिती चांगली. आणि हा खंड जगाच्या सरासरीच्या दुप्पट वेगानं तापतोय. २०२२ च्या एका उन्हाळ्यात उष्म्यानं साठ हजारांवर माणसं गेली.

या आकड्यांकडं जरा वेळ बघितलं की त्यातला धागा दिसतो. जे धुराड्यातून किंवा पाइपातून बाहेर पडतं ते युरोपनं आटोक्यात आणलं. जे जमिनीतून, शेतातून, गोठ्यातून, वसाहतींच्या पसाऱ्यातून येतं, तिथं तो हरला. माझं सगळं म्हणणं या एका फरकाभोवती आहे, कारण सांगलीचे दोन्ही प्रश्न, नदीतली घाण आणि पूर, त्यानंच वेगळे काढता येतात.

आधी पाइपाचा प्रश्न. ऱ्हाईनची गोष्ट आपल्याकडं फार सांगितली जात नाही. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं, नदी लाल झाली आणि खाली शेकडो किलोमीटर ईल मासे मरून तरंगले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी कृती कार्यक्रम ठरवला. ध्येय साधं, कुणालाही कळेल असं होतं: २००० सालापर्यंत सामन मासा नदीत परत आला पाहिजे. आला. सगळीकडं नाही, अजून कित्येक बंधारे त्याची वाट अडवून आहेत, पण आला. आज त्या खोऱ्यातल्या ९६ टक्के लोकांचं सांडपाणी प्रक्रिया होऊनच नदीत जातं.

त्याहून मला मोलाची वाटते ती मिठाची गोष्ट. फ्रान्समध्ये अल्सेसच्या पोटॅशच्या खाणी टनावारी मीठ नदीत सोडत. खाली हॉलंडमध्ये नर्सरीवाल्यांची रोपं त्या पाण्यानं करपत. एक नर्सरीवाला खाणीविरुद्ध कोर्टात गेला आणि १९७६ मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की नुकसान जिथं झालं त्या देशातही दावा लावता येईल. त्याच वर्षी देशांनी करार केला. मीठ कमी करायचा खर्च वाटून घेतला, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३४ टक्के, उचलला नेदरलँड्सनं. म्हणजे ज्यांनी सोसलं त्यांनीच. इथल्या लोकांना ते गोड वाटलं नव्हतं. अंमलबजावणीही वर्षानुवर्षं रखडली. पण वरच्या आणि खालच्या गावांनी एका टेबलावर बसून पैशाचं बोलणं केलं. महाराष्ट्र आणि कर्नाटक कृष्णेवर भेटतात ते लवादापुढं, वकिलांमार्फत, पाण्याचे टीएमसी (अब्ज घनफूट) वाटून घ्यायला. नदीच्या तब्येतीबद्दल दोघांचं एकत्र टेबल नाही.

आता शेरीनाला. माझ्या शाळेच्या दिवसांत निवडणुकीत त्याचं नाव निघायचं, आजही निघतं. साखर कारखान्यांच्या सांडपाण्याचंही तेच. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ नदीत मेलेल्या माशांचा खच पडला होता, ते व्हिडिओ इथं बसून बघताना जीव कासावीस झाला. पण खरं सांगते, या बाबतीत मी निराश नाही. हा पाइपाचा प्रश्न आहे. घाण कुठून येते ते सगळ्यांना ठाऊक आहे, ती कशी अडवायची तेही ठाऊक आहे. पैसा, वेळापत्रक आणि जाब विचारणारं कोर्ट, एवढ्यावर तो सुटतो. तो न सुटणं हा निव्वळ नाकर्तेपणा आहे.

अवघड आहे ती जमीन. इथं नेदरलँड्समध्ये सध्या हाच वाद सगळ्यात कडू आहे. पावणेदोन कोटींवर माणसांचा हा छोटा देश, आणि त्यात एक कोटीच्या आसपास डुकरं आणि पस्तीस लाखांवर गाईगुरं. शेणामुताचा अमोनिया हवेतून उडतो आणि माळरानं, दलदली, जंगलं यांच्यावर नत्र होऊन पडतो. तिथली नाजूक झाडं मरतात, गवत माजतं. २९ मे २०१९ ला इथल्या राज्य परिषदेनं, म्हणजे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं, नत्र सोडणाऱ्या कामांना परवाने द्यायची सरकारची पद्धत बेकायदा ठरवली. हजारो बांधकामं अडकली. सत्ताधारी आघाडीतून सूर निघाला, जनावरं कमी करा. ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन हेग गाठलं, महामार्ग तुंबले. पुढं २०२२ मध्ये गावोगाव राष्ट्रध्वज उलटे लटकले. २०२३ च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांच्या नव्या पक्षानं प्रांतिक निवडणुका मारल्या. गाठ आजही सुटलेली नाही.

ट्रॅक्टरांच्या त्या रांगा बघताना मला वाळवा तालुक्यातले माझे मामा आठवत होते. उसावर कुणी बोट ठेवलं की त्यांचा आवाज असाच चढतो. आणि तो चढणं मला चूक वाटत नाही. बँकेनं कर्ज उसाला दिलं, कारखान्यानं शेअर उसावर दिला, भावाची थोडीफार हमी उसालाच. इथल्या शेतकऱ्याला चाळीस वर्षं जास्त गाई पाळायला सरकारनं आणि बँकांनीच भरीला घातलं, मग एका सकाळी सांगितलं की तू निसर्गाचा वैरी. तिकडं पाट सोडून सोडून कृष्णाकाठची किती रानं क्षारपड झाली, पांढरी पडली, ते मामांनाही दिसतं. पण ऊस काढून काय लावायचं आणि मधली वर्षं कुणी पोसायचं, याचं उत्तर दिल्याशिवाय त्यांना पर्यावरण शिकवण्यात अर्थ नाही. युरोप इथंच चुकला. कोर्टाचा निकाल आधी आला, शेतकऱ्याशी बोलणं नंतर.

मात्र याच देशानं एके ठिकाणी उलट क्रमानं केलं, आणि ते सांगलीनं नीट बघावं. १९९३ आणि १९९५ मध्ये इथं पूर आले. दुसऱ्या वेळी अडीच लाख माणसं हलवावी लागली. शेकडो वर्षं बांध उंच करत आलेल्या या लोकांनी तेव्हा ठरवलं, आता नदीला जागा द्यायची. तीसहून जास्त ठिकाणी कामं झाली, खर्च २३० कोटी युरोंच्या घरात. आमच्या नायमेखनसमोर लेंट म्हणून गाव आहे. तिथला बांध ३५० मीटर मागं सरकवला, मध्ये नदीचा नवा फाटा खोदला. त्यासाठी पन्नासेक घरं पाडली. लोकांनी कडाडून विरोध केला होता. वाटाघाटीला वर्षं गेली.

ओव्हरडीप इथलं काम मी मुद्दाम जाऊन बघितलं. सपाट हिरवं कुरण, त्यात ओळीनं पाच-सहा मीटर उंच मातीचे भराव, प्रत्येक भरावावर एक घर आणि एक मोठा गोठा. महापूर आला की कुरणात पाणी घ्यायचं, माणसं आणि गाई वर कोरड्या. ही युक्ती सरकारी इंजिनिअरची नाही, तिथल्या शेतकऱ्यांनीच सुचवलेली. पण सतरांपैकी आठच शेतकरी तिथं राहिले. बाकीच्यांनी मोबदला घेऊन जागा सोडली. हे शेवटचं वाक्य यशोगाथा सांगणारे गाळतात, म्हणून मी मुद्दाम लिहिते. नदीला दिलेली जागा कुणाची तरी असते.

सांगलीत हेच बोललं जात नाही. महापुराची सालं २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटून १७ माणसं बुडाली. त्यानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. समितीचं पटो न पटो, उंची वाढवायला विरोध करणं रास्तच आहे, माझाही आहे. पण अलमट्टी उद्या नाहीशी झाली तरी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या वस्त्या तिथंच राहतील आणि पाणी चढलं की पहिल्यांदा त्यांच्याच घरात शिरेल. पाणी वाहून जायचे ओत बुजवून प्लॉट पाडले ते कर्नाटकानं नाही. निळ्या पूररेषेच्या आत विकले गेलेले गुंठे कष्टकऱ्यांनी पै-पै जोडून घेतलेत, आणि विकणारे कुठल्याच पुरात सापडत नाहीत.

मामांची काही रानं नदीकाठची. पोंग्यात गाळपाणी शिरलं की ऊस कुजतो, मग पंचनामे, मग अनुदानाची वाट. मी त्यांना ओव्हरडीपचे फोटो पाठवले. त्यांचा फोन आला, ‘‘चांगलं हाय की गं. पण तिथलं सरकार पैसं मोजतंय. हितं रान नदीला सोडलं तर गुंठ्याला किती देणार, ते इचार कुणाला तरी.’’

विचारण्याजोगी जागा आहे. कृष्णा खोऱ्यातल्या पूरनियंत्रणासाठी राज्य सरकार जागतिक बँकेचं कर्ज घेतंय, पुराचं पाणी दुष्काळी भागाकडं वळवायचं बोललं जातंय. जत-आटपाडीला पाणी मिळालं तर कुणाला नको आहे? पण त्याच पैशातून पूररेषेतल्या वस्त्यांना शहरात उंचावर घरं आणि नदीकाठच्या शेतकऱ्याला पूर अंगावर घेण्याचा दरवर्षीचा ठरलेला मोबदला, यासाठी वेगळी रक्कम काढता येईल. अलमट्टीविरोधी मोर्चाच्या पुढच्या निवेदनात दुसरी मागणी म्हणून ती घाला, आणि गुंठ्याचा आकडा मामांसारख्यांना विचारूनच लिहा.