परतीचं तिकीट नव्हतं, हे त्यांना दिसत होतं
लेखात म्हटलंय की ज्यूंना नाझींच्या मृत्यूछावण्यांत नेणाऱ्या गाड्यांचं कागदी काम करणाऱ्या कारकुनांना पुढे काय होतं ते कळायला मार्गच नव्हता, हे मला अजिबात पटलं नाही. मी बडोद्याला रेल्वेत बुकिंगला ३१ वर्षं काढली, वऱ्हाडाचं बुकिंग आलं तरी पहिला प्रश्न हाच, परतीचं कधीचं? जर्मन रेल्वे तर या माणसांचं थर्ड क्लासचं भाडं लावायची, ४ वर्षांखालची पोरं फुकट, १० च्या आतली अर्धं तिकीट, ४०० माणसं भरली की ग्रुपची सवलत, आणि सगळं एकेरी, परतीचं भाडं फक्त पहारेकऱ्यांचं. लहान मुलांची अर्धी तिकिटं मोजणाऱ्या माणसाला, महिनोन्महिने ते करूनही, काहीच कळलं नाही?

आणि जाब कुणी विचारला? ज्यूंना छावण्यांत धाडण्याची व्यवस्था लावणाऱ्या नाझी अधिकारी आइकमनला १९६२ मध्ये फाशी झाली, पण रेल्वे ज्याच्याकडे होती त्या नाझी वाहतूक खात्याचा सचिव गान्त्सनम्युलर, त्याच्यावर खटला उभा राहिला थेट १९७३ ला, त्याला हार्ट अटॅक आला, खटला थांबला तो पुन्हा चाललाच नाही आणि तो १९९६ पर्यंत जगला. त्याचं नाव या लेखात यायलाच हवं होतं.