साहेबांचा सत्कार झाला, आता बीट हवालदार कोण ते सांगा

तालुक्याला नवे पीआय (पोलीस निरीक्षक) रुजू झाले की आमच्याकडे आठवडाभर सत्कारांचा हंगाम चालतो. व्यापारी मंडळी, पत्रकार, गणेश मंडळांचे अध्यक्ष, सगळे शाल-श्रीफळ घेऊन हजर. फोटोखाली 'डॅशिंग' आणि 'कर्तव्यदक्ष' ठरलेलंच. साहेबांनी अजून आठवडे बाजारही पाहिलेला नसतो. खरं तर एका ठाण्यात त्यांना दोन वर्षं मिळावीत असं महाराष्ट्र पोलीस कायद्यात 2014 पासून लिहिलेलं आहे. पण बदल्या कशा होतात हे ज्याला माहीत आहे, तो त्या दोन वर्षांवर पैज लावणार नाही.

माझ्या मते छोट्या गावातलं पोलीस खातं म्हणजे बीट अंमलदार. ठाण्याची हद्द बीटांमध्ये वाटलेली असते. कुणाकडे अर्धं शहर, कुणाकडे फाट्यापलीकडची सगळी खेडी. कुणाच्या बांधाचं भांडण पेटायला आलंय, हातभट्टी कुठल्या नाल्यात लागते, गिरणा नदीतली वाळू रात्री कुठल्या रस्त्याने निघते, हे त्याला माहीत असतं. पोलीस पाटलाचा पहिला फोन त्यालाच जातो. साहेबांना जे कळतं ते बहुतेक याच्याच तोंडून.

माझं कृषी केंद्र आहे, त्यामुळे शेतकऱ्यांची गाऱ्हाणी आधी माझ्या काउंटरवर येतात. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते केबल चोरीचं. रात्री विहिरीवर येतात, मोटरची केबल कापतात, कुठेतरी आडरानात जाळून आतलं तांबं काढतात आणि भंगारात घालतात. अशाच एका गिऱ्हाइकासोबत मी ठाण्यात गेलो होतो. टेबलाशी उभं राहून तो म्हणाला, "दादा, हिरवरली केबल काटी लई गयात." ठाणे अंमलदारांनी मान वर न करता विचारलं, "कितीची होती?" हा म्हणाला, "तीनेक हजारनी." झालं. कोरा कागद पुढे आला, "अर्ज लिहून द्या, बघतो."

आता यातली कायद्याची गंमत बघा. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे एनसी, नुसती अदखलपात्र नोंद, घ्यायची, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. दिल्लीत कायदा करणाऱ्याला तीन हजार रुपये किरकोळ वाटले असतील. इथे मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असतो आणि केळीला चार दिवस पाणी मिळालं नाही तर बाग माना टाकते. नुकसान केबलच्या बिलात मोजता येत नाही, भाऊ! बरं, एनसी तरी लिहून घ्या ना. अर्ज म्हणजे फाइलीत गेलेला कागद.

आणि एका शिवारात महिनाभरात दहा जणांच्या केबली गेल्या तर त्या दहा किरकोळ चोऱ्या नसतात, टोळी असते. कागदावर ती बेरीज होत नाही. ती करतो बीट हवालदार, कारण दहाही जण त्याला ओळखतात आणि भंगारवाले कोण हेही त्याला ठाऊक असतं. अर्थात तो बीटमध्ये असला तर.

तो असतो कुठे? बंदोबस्तात. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, दत्त जयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, मधे गणपती, ईद, नवरात्र, बारावीची परीक्षा केंद्रं, मंत्र्यांचे दौरे. निवडणूक लागली की विचारूच नका. उरलेल्या वेळात समन्स-वॉरंट बजावायचे, पासपोर्टची पडताळणी करायची, कुणी विहिरीत पडलं तर पंचनाम्याला जायचं. (पंच मात्र आपल्यापैकी कुणी व्हायला तयार नसतो. पोलीस दिसले की बघ्यांची गर्दी झटक्यात पांगते. मग केस सुटली की आपणच म्हणतो, पोलिसांनी पैसे खाल्ले.)

पण बीटवाल्याच्या ओळखीला मी डोळे झाकून मुजरा करत नाहीये. ज्याला वाळूचा रस्ता माहीत असतो, तोच त्या रस्त्याकडे पाठ करूनही उभा राहू शकतो, आणि राहतो. दुसरं म्हणजे मिटवामिटवी. 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हापासून 'गावातलं गावात मिटवा' हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. बांधावरून, गुरांवरून, नालीच्या पाण्यावरून झालेलं भांडण चहावर मिटत असेल तर जरूर मिटवा, कोर्टात दोन पिढ्या जातात. पण सुजलेला डोळा घेऊन आलेल्या बाईला "जा ताई, संसार म्हटला की चालायचंच" म्हणून त्याच घरी परत पाठवणं ही मिटवामिटवी नव्हे. नवरा सरपंचाचा भाचा आहे हे हवालदाराला माहीत असतं, म्हणून पेन उघडत नाही. अशा वेळी ओळख नसलेला पोलीस बरा. तक्रार लिहून घ्यायची की नाही, हे नातं बघून ठरता कामा नये.

तरीही मला गावात ओळखीचा पोलीस हवा आहे, आणि त्याचं कारण राईनपाडा. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा व्हॉट्सॲपवरून जिल्ह्यात पसरल्या होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारलं. अशी अफवा एका दिवसात तयार होत नाही. ती आधी टपरीवर, पिठाच्या गिरणीवर, काळी-पिवळीत फिरते. तिथे रोज बसणारा, बोली समजणारा पोलीस असेल तर त्याच्या कानावर ती वेळेत पडते. सायबर सेल जिल्ह्याच्या ठिकाणी, 112 ची गाडी फोन आल्यावर निघणार. अफवा पसरतेय म्हणून 112 ला फोन कोण करतं?

म्हणून बीटवाल्याला बंदोबस्तातून सोडवा आणि महिन्यातले ठरावीक दिवस तरी त्याच्याच गावांत राहू द्या. कायद्याने शिपाई-हवालदारांना एका जागी पाच वर्षं मिळतात, ती खरोखर मिळू द्या; आणि तो वाळूवाल्यांच्या गाडीत दिसला तर त्याच दिवशी हलवा. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याचं नाव आणि नंबर रंगवा. तिथे 'हागणदारीमुक्त' लिहायला जागा मिळाली, हेही मावेल.

गणपतीआधीची शांतता समितीची बैठक आता लागेलच. दरवर्षी तिथे डीजेचा आवाज आणि मिरवणुकीची वेळ यावर दोन तास जातात. यंदा मी पहिल्यांदाच उठून विचारणार आहे, आमच्या बीटला सध्या कोण आहे आणि तो मागच्या महिन्यात किती दिवस बीटमध्ये होता. ज्यांना यायचंय त्यांनी सोबत या, चहा-बिस्किटं येण्याआधी.